बयेच्या घराचं दुसरं दार

सीलसाहेबांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत चारशे लिफ्ट बंद पाडल्या आणि एकही चालू केली नाही, असं त्यांच्या खात्यात म्हटलं जायचं. यातली थट्टा साहेबांपर्यंत कधी पोचली नाही. आकडा तेवढा त्यांनी दुरुस्त करून दिला होता: चारशे अकरा.

ते लिफ्ट तपासनीस होते. खिशात शिशाचे गोळे, तारेचं भेंडोळं आणि एक बोथट तोंडाची पक्कड घेऊन ते इमारतीत शिरत आणि जिन्याने वर जात. लिफ्टमध्ये ते फक्त तपासायला बसत. जायला-यायला बसण्याइतका त्यांचा लिफ्टवर विश्वास नव्हता. दोर झिजलेला दिसला, दरवाजा अर्धवट मिटून लिफ्ट हलली, की ते शब्दही न बोलता तार ओवत, गोळा दाबून सील ठोकत आणि कागदावर सही करत. मग सहाव्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्यांनी कितीही हात जोडले तरी साहेब जिना उतरून गेलेले असत. नाव पडलं ते यातूनच. घरच्यांनीही ते आपलंसं केलं होतं, फक्त त्यांच्या माघारी.

घरात सील नव्हतं, पण वारा तोच होता. खिडक्या चार बोटांच्या वर उघडत नसत. आठ वर्षांच्या लेकीला मामाने सायकल आणून दिली, तेव्हा साहेबांनी ती आधी तपासायला घेतली. ब्रेकच्या तारेवर त्यांचा विश्वास बसेना. दुसरी तार मागवली, मग तिसरी. तपासणी पुरी झाली तोवर पोरीची उंची वाढून सायकल तिला लहान झाली होती, आणि शेजारणीच्या सायकलवर गुडघे फोडून घेत ती केव्हाच शिकलीही होती. त्या दिवसापासून लेकीने एक पद्धत पाडून घेतली. काहीही करायचं ते करून टाकायचं आणि मग घरी सांगायचं. पोहणं शिकून झाल्यावर सांगितलं. नोकरी बदलून झाल्यावर सांगितलं. वेगळी खोली घेऊन राहायला गेली तेही सामान हलवून झाल्यावर. फोन यायचा तो आईला. चुकून साहेबांनी उचलला तर पलीकडून “आई आहे का?” आणि अलीकडून “देतो,” एवढं बोलणं व्हायचं. निवृत्तीनंतर दिवसभर घरातच असल्यामुळे फोन साहेबच उचलत, त्यामुळे बापलेकीत बोलणं नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

आणि अशा लेकीने एका गुरुवारी दुपारी दारात उभं राहून, करण्याआधी विचारलं. तिला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी जायचं होतं. तिथल्या वसतिगृहात जनावर चालत नव्हतं. हातात बुटांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात तळहाताएवढी, केसाळ, तपकिरी रंगाची कोळ्याची मादी. टॅरँट्युला. सहा वर्षांपूर्वी मसुरीच्या दाण्याएवढी असताना आणलेली, आणि हेही अर्थात सहा वर्षांनी सांगितलेलं.

“बाबा, तुम्ही ठेवाल हिला?” ती म्हणाली. “तुमच्या हातून काही पडलेलं मी आजवर पाहिलं नाही.”

साहेबांना आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली होती, सगळी सरकारी आणि सगळी एकाच मजकुराची. हे वेगळं होतं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता लेकीचा व्हिडिओ कॉल आला, आणि तो साहेबांच्या फोनवर आला. ती हलते का, पाणी प्यायली का, नाकतोडा खाल्ला का, पोट केवढं दिसतं. बावीस मिनिटं. बाईसाहेबांनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं की हे नक्की कुणाशी बोलताहेत. कॉल संपल्यावर साहेब बराच वेळ डब्यासमोर बसून राहिले. त्यांना हिशेब स्पष्ट दिसत होता. डब्यातलं जनावर जिवंत आणि धडधाकट आहे तोवर दर रविवारी दहा वाजता फोन वाजणार. त्याला काही झालं, तर पुन्हा “आई आहे का?”

बाईसाहेबांचं जनावराशी वैर नव्हतं, फक्त ओळख वाढवायची नव्हती. त्या तिला ‘बया’ म्हणत आणि ती ज्या खोलीत आहे त्या खोलीच्या दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबून झोपत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चष्मा लावून डबा लांबून न्याहाळला आणि झाकणाच्या दोन प्लास्टिकच्या क्लिपांकडे बोट दाखवलं.

“असल्या क्लिपा माझ्या केसांवर टिकत नाहीत,” त्या म्हणाल्या. “बया बाहेर आली तर मी बहिणीकडे जाईन. आणि परत यायची घाई करणार नाही.”

साहेबांच्या मनात नेमकं तेच घोळत होतं; बायकोशी त्यांचं मत जुळण्याचा हा प्रसंग म्हणून त्यांनी तारखेनिशी लक्षात ठेवला. त्याच संध्याकाळी त्यांनी टॉर्च, पट्टी आणि भिंग घेऊन डब्याची रीतसर तपासणी केली. दोष एकामागून एक निघत गेले. झाकणाला एकच अडथळा. तो निसटला की सरळ दिवाणखाना. हवेसाठी बाजूला पाडलेली भोकं गरम खिळ्याने पाडल्यासारखी, एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. पण त्यांचं मन खरं दुखावलं ते उंचीने. डबा दोन तृतीयांश मातीने भरलेला होता. मातीवर फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा, बाटलीचं झाकण पाण्यासाठी, आणि बयेच्या पाठीवर जेमतेम चार बोटांची पोकळी. माणूस ताठ उभा राहू शकणार नाही अशी लिफ्ट त्यांनी एक दिवसही चालू दिली नसती. आणि इथे त्यांच्या लेकीने जिवापाड जपलेलं जनावर सहा वर्षं डोक्याला छत टेकवून राहत होतं.

डब्याबरोबर लेकीने एक चिठ्ठी दिली होती. माती कोरडी ठेवा. झाकणात पाणी असू द्या. आठवड्याला एक नाकतोडा. डबा हलवू नका. चार ओळी. चार ओळींत काय सुरक्षा बसणार, असं साहेबांना वाटलं. त्यांच्या खात्यात नुसत्या दरवाजावर एकोणीस पानं होती. तरीही नियम तो नियम, म्हणून त्यांनी चौथी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. डबा हलवायला मनाई होती. डब्यातून बया हलवायला मनाई असल्याचं कुठेही म्हटलेलं नव्हतं. चिठ्ठी लिहिणारीला फोन करून विचारता आलं असतं. पण नियमाचा अर्थ नियम करणाऱ्याला विचारायचा नसतो हे त्यांच्या अंगी इतकं मुरलं होतं, की तो विचार त्यांना शिवलाही नाही. शिवाय रविवारी एकदम दाखवायचं होतं.

त्यांनी आराखडा काढला. दोन फूट उंच, एक फूट रुंद काचेचा मनोरा. तळाशी दोन बोटं माती. वर पोलादी तारेची इतकी बारीक जाळी की आत जाणाऱ्या डासाकडेही कागदपत्रं मागेल. ती बारा स्क्रूंनी आवळलेली. आणि खाली, पुढच्या बाजूला, एकामागे एक दोन दारं. मधे वीतभर जागा. बाहेरचं दार उघडं असेल तर आतलं उघडणार नाही, आतलं उघडं असेल तर बाहेरचं हलणार नाही. लिफ्टच्या दरवाजात असतो तसा इंटरलॉक, पितळी बोल्टांचा. नाकतोडा मधल्या जागेत सोडायचा, बाहेरचं दार लावायचं आणि मग दोरी ओढून आतलं उघडायचं. कुठल्याही क्षणी बया आणि बाईसाहेब यांच्यामध्ये एक तरी बंद दार.

काचवाल्याने कागद सरळ धरला, उलटा धरला आणि पुन्हा सरळ धरला. माशांच्या टाक्या आणि दुकानांची शोकेस यात त्याची हयात गेली होती.

“आत कोण राहणार, साहेब?”

साहेबांनी सांगितलं.

“आणि बाहेर कोण राहणार?”

“आम्ही.”

“मग कुलूप तुमच्यासाठी की तिच्यासाठी, तेवढं सांगा. त्यावर काचेची जाडी ठरते.” हे त्याने हसू न येऊ देता विचारलं, आणि साहेबांनीही हसू न येऊ देता सहा मिलिमीटर सांगितली.

इंटरलॉक त्यांनी स्वतः बसवला. तीन दिवस, कानशीने घासून, केसाएवढंही ढिलं न ठेवता. शुक्रवारी बयेला वाडग्याखाली धरून, वाडग्याखाली पुठ्ठा सरकवून वरून नव्या घरात उतरवलं आणि मग जाळी आवळली. बया काही बोलली नाही. बाईसाहेब दाराआडून पाहत होत्या. दोन्ही दारं आळीपाळीने उघडून दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली, आणि त्या रात्री फटीतला टॉवेल धुवायला गेला. रिकाम्या झालेल्या डब्यातली माती त्यांनी एका पिशवीत भरून ठेवली आणि डबा घासून त्यात बटणं ठेवली. साहेबांना कृतकृत्य वाटलं, म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदाच कळत असल्यामुळे आधी पित्त झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी बया काचेवर चढली. आठ पाय, एकेक उचलून, सावकाश. साहेब खुर्ची ओढून बसले. इतकी वर्षं चार बोटांच्या पोकळीत दबलेलं जनावर आता अंग मोकळं करतंय, असं त्यांनी बायकोला समजावलं. बाईसाहेबांनी विचारलं, की पण ही उतरणार कधी. साहेब म्हणाले, वरचा मजला सगळ्यांनाच आवडतो.

रविवारी सकाळी ती छतालाच होती. जाळीला खालून चिकटलेली, पोट खाली लोंबणारं, आणि मागचा एक पाय ती मधूनमधून ओढत होती. साहेबांनी नवा शर्ट घातला. दहा वाजता फोन वाजला. त्यांनी फोन फिरवला आणि मनोरा तळापासून वरपर्यंत हळूहळू दाखवत नेला. पितळी बोल्टांपाशी क्षणभर थांबले. मग जाळी.

पलीकडे काही आवाज नव्हता. साहेबांना वाटलं, गहिवरली.

“बाबा,” लेक म्हणाली, अगदी सावकाश, “ती पडली तर फुटेल.”

मग तिने सांगितलं ते साहेबांनी उभ्याउभ्या ऐकलं. ही बया जमिनीवरची. बिळात राहणारी. चढता येतं, पण काचेवर पकड सुटते, आणि तिच्या पोटाची कातडी फुग्याइतकी पातळ. फूटभरावरून कडक जागी पडली तर पोट उकलतं आणि ती वाचत नाही. म्हणून डबा बुटका. म्हणून माती एवढी वर आणलेली. चार बोटांची पोकळी ही तंगी नव्हती; पडायला जागाच ठेवायची नाही, असं ते होतं. आणि पायांच्या टोकाला बारीक नखं असतात. ती जाळीत अडकतात. “तो मागचा पाय ती ओढतेय ना? तो अडकलाय.”

साहेब खुर्चीवर बसले. पडणं हा त्यांचा विषय होता. बत्तीस वर्षं त्यांनी पडण्याखेरीज कशाचा विचार केला नव्हता. माणूस किती मजल्यांवरून पडला तर काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. आणि लेकीचं जनावर त्यांनी उचलून अशा जागी नेऊन ठेवलं होतं जिथून पडता येतं, कारण तपासताना त्यांनी एवढंच पाहिलं होतं की ते बाहेर कुठून येईल.

“मी मैत्रिणीला सांगते,” लेक म्हणत होती. “ती संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. तोवर टिकली तर.” आवाजात राग नव्हता. ठरवून टाकून मग सांगायची तिची जुनी पद्धत तिला परत सापडली होती, इतकंच.

“तोवर टिकणार नाही,” साहेब म्हणाले. “फोन चालू ठेव.” आणि त्यांनी फोन मनोऱ्यासमोर टेकवून उभा केला.

जाळी काढता येत नव्हती; बारा स्क्रूंखाली जाळी आणि जाळीला बया. आधी खाली काहीतरी मऊ हवं होतं, पोटाच्या अगदी जवळपर्यंत. साहेबांनी बाहेरचं दार उघडून हात आत घातला आणि तो आतल्या दारापाशी अडला. बाहेरचं उघडं असल्यामुळे आतलं बंद होतं. आतलं उघडायचं तर बाहेरचं लावायला हवं, आणि बाहेरच्या दारात कोपर होतं. नाकतोड्यासाठी व्यवस्था चोख होती. हात हा घटक आराखड्यात नव्हता.

“तुमचाच बोल्ट ना?” मागून बाईसाहेब म्हणाल्या. त्या खोलीत आल्या होत्या हे साहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. “दाबून धरा त्याला.”

चारशे अकरांतल्या निम्म्या लिफ्टना साहेबांनी सील ठोकलं होतं ते याच कारणासाठी. कुणा घाईच्या मेकॅनिकने इंटरलॉकच्या बोल्टात काडी खुपसून ठेवलेली सापडायची, म्हणजे दार उघडं असतानाही लिफ्ट चालेल. असल्या माणसाला ते समोर उभं करून विचारत, घरी पोरंबाळं आहेत का. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं. एक हात दारात, दुसऱ्यात टॉर्च. बोल्ट मधल्या जागेच्या छताला होता, तिसरा हात हवा होता.

“तू दाबशील?” ते म्हणाले.

बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा चमचा आणला, डोळे मिटले, एक उघडला, आणि दांडा आत घालून बोल्ट वर रेटला. दोन्ही दारं एकाच वेळी सताड उघडी झाली. बया आणि बाईसाहेब यांच्यामध्ये आता काहीही नव्हतं.

“माती ओतता का?” लेकीने फोनमधून विचारलं. माती दारातूनच बाहेर सांडली असती. बाईसाहेबांनी कोपऱ्यातली टोपली पायाने ओढली. तिच्यात लोकरीचे गुंडे होते, अर्धवट विणलेल्या स्वेटरसकट.

“हे घाला,” त्या म्हणाल्या. “आणि हिरवा मधे नको, तो टोचतो.”

साहेबांनी एकेक गुंडा आत ठेवत मनोरा भरायला घेतला. लाल, राखाडी, पुन्हा राखाडी. वर बया पाय ओढत होती. एकदा बाकीचे सातही पाय सुटल्यासारखे झाले, आणि फोनमधून श्वास आत घेतल्याचा आवाज आला. साहेबांचा हात थांबला नाही. अकरावा गुंडा बसला तेव्हा पोट आणि लोकर यांत तीन बोटं उरली होती.

मग ते स्टुलावर चढले. सील कापायची बारीक कातर त्यांच्या जुन्या पिशवीत होती. वरून, जाळीच्या बाहेरून, नखाभोवतीची तार शोधायची आणि ती तेवढीच कापायची. लेक सांगत होती: फुंकू नका, हात टेकवू नका, घाई नको. खालून बाईसाहेब सांगत होत्या की माझा हात भरून आलाय, घाई करा. साहेबांनी दोघींचं ऐकलं. पहिली तार तुटली. दुसरी. तिसऱ्या तारेला नख निसटलं आणि बया पडली.

तीन बोटं. आवाजही झाला नाही. ती राखाडी गुंड्यावर आठही पाय पसरून बसून राहिली.

मग पुढचा एक पाय उचलला गेला, लोकर चाचपली, दुसरा पुढे आला.

“पोटाखाली ओलं दिसतंय का?” लेकीने विचारलं. साहेबांनी टॉर्च मारून सगळीकडून पाहिलं. कोरडं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मगच सांगितलं.

स्टुलावरून उतरून ते फोनसमोर बसले. “तुझ्या मैत्रिणीला बोलव,” ते म्हणाले. “मी तपासलं असतं तर हे घर पास केलं नसतं. तपासलं नाही, कारण मीच बांधलं होतं.”

लेकीने वडिलांना स्टुलावर चढलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्टुलाला मागे टेकायला काही नसतं म्हणून घरात ते वापरायला बंदी होती.

“जुना डबा आहे का?” तिने विचारलं.

बाईसाहेबांनी बटणं ओट्यावर उपडी केली. पुढचा दीड तास लेक सांगत गेली आणि साहेब करत गेले. माती किती दाबायची, कुंडीचा तुकडा किती तिरका, पाण्याचं झाकण कुठल्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी त्यांनी का ते विचारलं, आणि विचारून घेतल्यावर वाद घातला नाही. भोकं बाजूला का, वर का नाहीत? वर तिला धरायला काही नको म्हणून. क्लिपा पुरतात का? तिला ढकलता येत नाही, बाबा, ती चोर नाही. यावर बाईसाहेबांनी मागून आपलं मत नोंदवलं, आणि शेवटी क्लिपांवरून एक रुंद रबर चढवायचं ठरलं. बयेला राखाडी गुंड्यासकट डब्यात उतरवलं, कारण ती गुंडा सोडेना.

“दोन दिवस तिला काही देऊ नका,” लेक म्हणाली. “घाबरली असेल. मैत्रिणीचं राहू दे. मी उद्या फोन करते.”

उद्या सोमवार होता. साहेबांनी कॅलेंडरकडे पाहून खात्री केली.

सोमवारी सकाळी फोन साहेबांच्याच हातात होता, म्हणून पहिल्या घंटीला उचलला गेला. बयेबद्दल चार मिनिटं बोलणं झालं. ती कुंडीखाली गेली होती, पाय सगळे शाबूत होते. मग लेकीने विचारलं, “आणि तुम्ही? स्टुलावरून उतरताना गुडघा धरलेला दिसला.”

साहेबांकडे या विषयावर काहीच माहिती तयार नव्हती. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

“सूज आहे,” ते म्हणाले. “स्टुलावर चढलो होतो त्याची. थांब, सगळं पहिल्यापासून सांगतो.”